दाणा धरणे

७ जानेवारी २०२५, बारामती
बारावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासल्या. ‘क्रिस्टलाइझ’चं वाक्य करायला दिलं होतं. विज्ञान शाखा ती. निम्म्या वर्गाने मिठाचे नाहीतर तुरटीचे खडे पाडले. एकीनेच विचारांकडचा अर्थ पकडला: ‘आय क्रिस्टलाइझ्ड टु बिकम अ डॉक्टर.’ गाइडमध्ये अर्थ दिलाय ‘निश्चित होणे’, तो तिने सरळ ‘डिसाइड’च्या जागी बसवला. तसा तो बसत नाही. या क्रियापदाचा कर्ता सहसा विचारच असतो. मत, बेत, असंतोष. माणूस कर्ता झालाच, तर पुढे कर्म म्हणून बेत नाहीतर मत लागतं. समासात एवढं लिहिलं. नुसत्या व्याकरणाने तिचं समाधान होईलसं वाटत नाही.

९ जानेवारी
इंदापूरला कामाने जाऊन आलो. भवानीनगरपासून जंक्शनपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, गाणी मोठ्याने, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. नीरा डाव्या कालव्याने हा मुलूख उसाचा केला, वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रंसुद्धा बनतात, आणि आमची पोरं ‘क्रिस्टल’ म्हटलं की तुरटी लिहितात!

१२ जानेवारी, रविवार
एक जुना विद्यार्थी साखर कारखान्यात केमिस्ट आहे. त्याने बॉयलिंग हाऊस दाखवलं. उसाचा रस आधी आटवून ६० ब्रिक्सच्या (म्हणजे शेकडा साठ विरघळलेले घटक) आसपास आणतात. मग पॅनमधली हवा काढून उकळतात, म्हणजे ७० अंशांच्या आसपासच उकळी येते आणि साखर करपत नाही. उकाडा आणि मळीचा आंबूस वास. बोलायचं ते कानाशी ओरडून.

पॅनमन तात्यांनी नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरला, दिव्यासमोर धरला. नुसता तपकिरी, चिकट पाक. मग सीड सोडलं. साखरेचीच बारीक पूड ती. काही वेळाने पुन्हा काच धरली, तर पाकात कणी लखलखत होती.

“घाई करून जास्त आटवलं ना सर, की फॉल्स ग्रेन पडतो. नुसता चुरा. सेंट्रीफ्युगलची जाळी बुजवतो. मग पाणी देऊन तो विरघळवायचा, तेव्हा कुठं गाडी रुळावर येते.”

पोतं एम-३०चं की एस-३०चं, हे पुढे दाण्याच्या आकारावर ठरतं. माझं लक्ष मात्र सेंट्रीफ्युगलकडे. चिमूटभर सीड वगळलं तर बाहेरून साखर काहीच आलेली नाही. होती ती पाकातच, दिसत नव्हती एवढंच. आणि तिथे दाणा वेगळा निघाला की उरलेलं मळी म्हणून दुसऱ्या वाटेने जातं. क्रियापदातही या दोन्ही गोष्टी आहेत. विचार आधीपासून अंधुक असावा लागतो, आणि तो स्पष्ट होताना बरंच काही गळून जावं लागतं. सकाळी सुचलं, दुपारी उरकलं, असल्या कामाला ते लागत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
मेहुण्यांच्या गुऱ्हाळावरून गुळाची ढेप आली. काहिलीत भेंडीचं पाणी घालून वर आलेला मळ काढला, की उरेल ते सगळं एकत्रच घट्ट होतं. दाणा वेगळा, मळी वेगळी असं नाही. इंग्रजीत याला ‘सॉलिडिफाय’ चालेल. पक्षाचा पाठिंबा सॉलिडिफाय होतो, आहे तो सगळाच घट्ट. मत क्रिस्टलाइझ होतं. लाडू वळता वळता हे ऐकून बायको म्हणाली, “सणाच्या दिवशी तरी शाळा शाळेत ठेवा.”

१६ जानेवारी
बँकेतल्या मित्राकडून कळलं, कर्जव्यवहारातही हे क्रियापद आहे. कंपनीच्या मालसाठ्यावर फ्लोटिंग चार्ज, म्हणजे तरंगता बोजा, असला तरी माल रोज विकता येतो, नवा आणता येतो. कर्ज थकून रिसीव्हर नेमला गेला, की चार्ज क्रिस्टलाइझ होतो: त्या घडीला असेल त्याच मालावर येऊन बसतो, मग कंपनीला तो परस्पर विकता येत नाही. तरंगणारी गोष्ट एका जागी ठरते. वर्गात सांगण्यासारखं आहे, पण बारावीला कशाला.

‘डॉक्टर’वाल्या मुलीला वाक्य पुन्हा लिहायला सांगितलं होतं. आजीच्या आजारपणात डॉक्टर व्हायची इच्छा क्रिस्टलाइझ झाली, असं लिहून आणलं. बरोबर दिलं.

शिक्षक खोलीत सहलीची बैठक. “ठिकाण क्रिस्टलाइझ झालं का सर?” म्हणून सगळे हसले. महाबळेश्वरवाले सात, कोकणवाले सात, आणि बसचा ॲडव्हान्स उद्या भरायचाय.