कुणीही न गायलेला सूर

नावावरून माणूस भुलतो असे म्हणतात. मी तर भुललोच. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतले संगीताचे शिक्षक मोबाइल कानाशी धरून काही ऐकत बसले होते. मी विचारले, “कोण गातंय, सर?”

“मिल्स ब्रदर्स,” ते म्हणाले.

इंग्रजीत माझी मजल बेताचीच. पण मिल म्हणजे गिरणी एवढे मला पक्के ठाऊक, कारण आमच्या घरी दोन पिढ्या पिठाची गिरणी आहे. “म्हणजे गिरणीवाले बंधू की!” असे म्हणून मी डबा उचलला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मिल्स हे त्या घराचे नुसते आडनाव, गिरणीशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे कळेपर्यंत मी त्या गाण्यात पुरता अडकलो होतो.

प्रथम मला वाटले, हा कुठला तरी बँड आहे. ट्रंपेट वाजत होते, ट्रॉम्बोन घुमत होता आणि खाली ट्यूबाचा जाडजूड आवाज ताल धरून चालला होता. सर हसून म्हणाले, “यात वाद्य एकच, गिटार. बाकीचं सगळं तोंडानं!” माझा विश्वास बसेना. त्या काळच्या लोकांचाही बसत नसे. म्हणून त्यांच्या तबकड्यांवर छापावे लागे की, या गाण्यात एका गिटारीखेरीज दुसरे कोणतेही वाद्य वापरलेले नाही.

अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात पिक्वा नावाचे लहानसे गाव आहे. तेथे एका निग्रो न्हाव्याचे दुकान होते. (त्या वेळी हाच शब्द वापरीत, आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो.) त्याला गाण्याचा नाद. दाढी-हजामत करता करता चौघांनी मिळून गाण्याची त्या लोकांत जुनीच चाल होती, आणि याची स्वतःची चौकडीही होती. त्याला चार मुलगे झाले : जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड. असे सांगतात की, एकदा गावातल्या गाण्याच्या चढाओढीत हॅरी आपली पिपाणी घरीच विसरला. ऐन वेळी करायचे काय? त्याने ओंजळ तोंडाशी धरली आणि ट्रंपेटची नक्कल केली. लोक खूश झाले. मग एकाने दुसरे ट्रंपेट उचलले, एकाने ट्रॉम्बोन, आणि थोरल्या जॉनने हाती गिटार घेऊन गळ्यातून ट्यूबा काढला. १९३१ साली त्यांची ‘टायगर रॅग’ ही तबकडी निघाली आणि न्हाव्याची पोरे अमेरिकेत घरोघर पोचली.

पण तोंडाने वाद्ये वाजवणे ही झाली गंमत. गंमत दोनदा ऐकली की संपते. मला पुनःपुन्हा ऐकावेसे वाटत होते ते निराळेच काही तरी होते, आणि ते काय हे मला सांगता येईना.

सर गोव्याचे. लहानपणी चर्चमध्ये गायलेले, पुढे रीतसर ख्याल शिकलेले. ते म्हणाले, “तुम्ही लोक दहा जण मिळून गायलात तरी एकच गाता. आमच्याकडे मांडो दोघांनी म्हटला, तर एक षड्जावर असतो तेव्हा दुसरा गंधारावर. हे चौघं तेच करतात, पण एकमेकांना अगदी खेटून. सगळे सूर जवळजवळ एका सप्तकाच्या आत. दाटीवाटीच्या घरात चार भाऊ झोपतात ना, तसं!”

आणि मग त्यांनी या चौघांच्या गाण्यातली कामाची वाटणी मला समजावून दिली. एकाकडे गाण्याची मूळ चाल. एक तिच्या वर. एक सगळ्यांच्या खाली, पाया धरून. आणि चौथ्याच्या वाट्याला येतो तो उरलेला सूर. त्याचा भाग एकट्याने गाऊन पाहिला, तर त्याला ना चाल ना डौल. पण तो काढून घेतला की बाकीच्या तिघांचे गाणे एकदम पोकळ होते. मला त्या चौथ्याविषयी फार आपुलकी वाटली. आम्ही चार भाऊ. त्यातला मी तिसरा. उरलेल्या सुराचा अनुभव मला जन्मापासून आहे.

सरांनी शेवटी जे दाखवले ते मात्र मी विसरणार नाही. त्यांनी कपाटातून तानपुरा काढला, नीट जुळवला आणि छेडला. “काय ऐकू येतं?” षड्ज, पंचम, खर्ज, मी म्हणालो. “आणखी?” मी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या गुंजनातून एक सूर वर आला, बारीक, स्वच्छ. “गंधार!” मी म्हणालो. “एकही तार गंधारात लावलेली नाही,” सर म्हणाले. “याला आपले लोक स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्याच पोटात तो असतो. तारा नेमक्या जुळल्या तरच तो प्रकट होतो. त्या न्हाव्यांच्या दुकानातली गाणी म्हणणारेही याच्याच मागं असतात. चौघांचे सूर नेमके जुळले की कुणीही न गायलेला पाचवा सूर वर झणझणतो.”

तो सूर काढायचा उपाय काय, हेही त्यांनीच सांगितले. पेटीचा गंधार किंचित चढा असतो. तो तसाच लावून चालत नाही. गाणाऱ्याने दुसऱ्याकडे कान देऊन आपला सूर केसभर खाली घ्यावा लागतो. स्वतःचा आवाज ऐकत राहिले की संपले.

घरी आलो तरी मनात तानपुरा वाजत होता, आणि त्याच्या मागे आमची गिरणी. लहानपणी संध्याकाळी आम्ही चौघे गिरणीत बसून भजने म्हणायचो. जात्याची घरघर हाच आमचा षड्ज. वीज गेली की गिरणी थांबे आणि आमचे सूर चौफेर उधळत. आम्ही तिघे एका पट्टीत गायचो. दादा तेवढा खाली, खर्जात. त्याला कुणी शिकवले नव्हते. आवाज फुटला तेव्हापासून तो तसाच गाई. लक्ष्मीपूजनाच्या आरतीलाही आम्ही वर ओरडायचो आणि दादा खालून सगळे तोलून धरायचा. तो आरतीत आहे हे तो गप्प झाल्यावरच कळले असते.

तो गप्प झाला. दादा जाऊन आता चौथे वर्ष. पहिली दिवाळी अंधारातच गेली. दुसऱ्या दिवाळीला मुलांच्या हौसेसाठी पणत्या लावल्या, आकाशकंदील टांगला, आणि लक्ष्मीपूजनाला आम्ही तिघे भाऊ आरतीला उभे राहिलो. एवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला. अण्णा कधी आरती म्हणत नसत. ते टाळ वाजवायचे. पंचाहत्तरी उलटलेले आमचे वडील त्या दिवशी दादाच्या जागी उभे राहून खर्जात आरती म्हणत होते. आवाज कापत होता, सूर घसरत होता. मला ते सहन झाले नाही. मी मध्येच गायचा थांबलो. आरती कशीबशी आटोपली. नंतर मी त्यांना म्हणालो, “अण्णा, दादाची जागा दादाचीच राहू द्या.”

अण्णा काही बोलले नाहीत. चप्पल पायात घालून गिरणीकडे निघून गेले. सणाचा दिवस, गिरणी बंद. तेथे ते काय करीत बसले, कोण जाणे.

मिल्स बंधूंची पुढची हकीकत मी नंतर स्वतःच शोधून वाचली. १९३६ च्या आरंभी थोरला जॉन वारला. वय अवघे पंचवीस. गाण्याचा पाया तोच, गिटारही त्याचीच. राहिलेल्या तिघांपुढे गाणे सोडून द्यावे की काय, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा त्या रिकाम्या जागी येऊन उभा राहिला तो पन्नाशी ओलांडलेला बाप. मुलगा जो खालचा सूर गात असे, तो बापाने धरला. ‘मिल्स बंधू’ हे नाव तसेच राहिले. त्यातला एक बंधू बंधूंचा बाप होता, एवढेच. १९४३ साली ज्यांच्या ‘पेपर डॉल’ने अमेरिका वेडी केली ते चौघे म्हणजे हेच : तीन मुलगे आणि त्यांचे वडील. सुमारे वीस वर्षे त्या न्हाव्याने मुलाची जागा सांभाळली.

हे वाचले आणि मी मोबाइल खाली ठेवला. मी अण्णांना काय बोललो होतो, ते मला त्या वेळी कळले. मला वाटले होते, ते दादाची जागा घेत आहेत. ते ती जागा धरून ठेवीत होते. ती मोकळी राहिली असती, तर आमचा तिघांचाही सूर ढासळला असता.

भावांनी जुळवून घ्यावे म्हणणे सोपे आहे. एव्हर्ली नावाचे दोघे भाऊ, डॉन आणि फिल, एकाच गळ्याचे दोन भाग असावेत असे गात. १९७३ मध्ये भर कार्यक्रमात त्यांचे बिनसले आणि दहा वर्षे त्यांनी एकत्र गाणे सोडले. १९८३ मध्ये लंडनला पुन्हा एकत्र उभे राहिले. इतक्या जवळ गायचे म्हणजे इतक्या जवळ राहायचे, आणि ते सगळ्यांनाच झेपते असे नाही. मिल्सांच्या घरी मात्र ही रीत पुढे चालू राहिली. सगळ्यांत धाकटा डोनाल्ड शेवटी एकटा उरला, तेव्हा त्याने आपल्या मुलाला साथीला घेतले. त्या मुलाचेही नाव जॉन.

गेल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाची तयारी झाली. अण्णा नेहमीसारखे टाळ घेऊन बाजूला बसले. मी त्यांच्याजवळ गेलो. क्षमा मागण्याची आमच्या घरी पद्धत नाही. मी टाळ त्यांच्या हातून घेतले आणि म्हणालो, “अण्णा, खालचा सूर तुम्ही धरा. आमच्याच्यानं होत नाही.”

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि उठले.

आरती सुरू झाली. त्यांचा आवाज याही खेपेला कापत होता, घसरत होता. पण या वेळी आम्ही तिघांनी कान त्यांच्याकडे ठेवले होते. ते जेथे उतरत तेथे आम्हीही थोडे उतरत होतो. दादा ऐकू आला असे मी म्हणणार नाही. तो स्वयंभू गंधारही आमच्यासारख्यांच्या गळ्यातून निघाला नसावा. एवढे खरे की, आरती संपल्यावर कोणीच लगेच बोलले नाही. वहिनी पदराने डोळे टिपत फराळाची ताटे घ्यायला आत गेल्या.

अण्णा मात्र टाळ पुन्हा हाती घेत म्हणाले, “पुढच्या वर्षी जरा खालच्या पट्टीत सुरू करा रे. माझी तारांबळ होते.”

यंदा आम्ही खालच्या पट्टीत सुरू करणार आहोत.