मनुकांचं पाणी

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री आई काळ्या मनुका भिजत घालायची. पहाटे त्या फुगून आलेल्या असत. मग ती त्या उकळायची, हातानं कुस्करायची आणि फक्त याच कामासाठी ठेवलेल्या मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायची. तो गडद रस बाटलीत भरून बाबा सायकलच्या दांड्याला पिशवी अडकवत आणि चर्चला निघत. आमच्या बाप्टिस्ट मंडळीचा द्राक्षारस तो हाच. उरलेला चोथा साखर घालून मला मिळे. माझ्या लहानपणीच्या देवाला त्यामुळे एक वास आहे, गोडसर, जरासा आंबूस, ओल्या फडक्याचा. आज इतक्या वर्षांनंतरही वाण्याकडे मनुकांचा डबा उघडला की मी क्षणभर मान खाली घालते.

वऱ्हाडातलं तालुक्याचं गाव. मंडळी लहान, पन्नास-साठ घरांची. सगळे एकमेकांना ओळखणारे, एकमेकांच्या बाळंतपणाला आणि मयतीला धावणारे. आमच्यात लहान मुलांचा बाप्तिस्मा होत नसे. पाळकसाहेब सांगत, दुसऱ्या कुणी तुझ्यासाठी विश्वास ठेवू शकत नाही, आई नाही, बाप नाही, राजासुद्धा नाही. ज्याचा त्यानं उत्तर द्यायचं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. एवढ्याशा पोरीला कुणीतरी एवढं मोठं मानतंय, याचे ते रोमांच होते.

1979 च्या जानेवारीत, पंधराव्या वर्षी, गावाबाहेरच्या नदीत माझा बाप्तिस्मा झाला. पाणी कमरेपर्यंत आणि बर्फासारखं गार. पाळकसाहेबांनी विचारलं, मी 'हो' म्हणाले, आणि त्यांनी मला पाठीवर धरून पूर्ण पाण्याखाली नेलं. डोळे मिटलेले, कानात नदीचा घुमणारा आवाज. वर आले तेव्हा काठावरची माणसं गात होती आणि आई रडत होती. नदीतून बाहेर येताना मला सर्वांत आधी टॉवेलात गुंडाळलं ते शेजारच्या मावशीनं. ती सख्खी मावशी नव्हे, पण आमच्या घरातला एकही सण तिच्याशिवाय झाला नाही. ते पाणी खोटं होतं असं मी कधीही म्हणणार नाही.

चार वर्षांनी मावशीच्या मुलीनं एका हिंदू मुलाशी लग्न केलं. लग्न मांडवात झालं, मंगलाष्टकं झाली, आणि मावशी तिथं गेली. नुसती गेली नाही, तिनं जावयाला ओवाळलं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा बसली. आमच्यात वरून हुकूम देणारा बिशप नसतो. जे ठरतं ते बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांच्या हातांनी ठरतं. मावशीला विचारलं गेलं, पश्चात्ताप आहे का? ती उभी राहिली. "माह्या पोरीचं लगन होतं. मी नाही जाईन तं कोन जाईन?" एवढंच बोलून ती खाली बसली.

प्रभुभोजनापासून तिला दूर ठेवावं, असा ठराव आला. बाबांचा हात वर गेला. समोरच्या बाकांवरचे हात एकामागून एक वर गेले. आणि माझाही हात वर गेला. मी एकोणीस वर्षांची होते. कुणी माझा दंड धरला नव्हता. सगळ्यांचे हात वर असताना आपला खाली ठेवायचा तर त्याला केवढं बळ लागतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते माझ्यात नव्हतं हेही. आईचे दोन्ही हात पदराखाली होते. सभेचा वृत्तान्त लिहिणाऱ्यानं ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं लिहिलं. पदराखालचे हात त्यानं मोजले नाहीत.

मी मंडळी सोडली ती काही वर्षांनी, आणि वरवर कारण वेगळं होतं. चर्चच्या कंपाउंडच्या जागेवरून मंडळीत दोन गट पडले, कोर्टकज्जे झाले, एका ईस्टरला चर्चच्या फाटकाशी पोलीस उभे होते. हे मी लांबवून सांगत नाही. अशा भांडणांत सांगण्यासारखं फार थोडं असतं आणि ते सगळीकडे सारखंच असतं. माझ्या मनात मोडलं होतं ते त्या हात वर करण्याच्या दिवशीच. ज्या शिकवणीनं मला सांगितलं की तुझा आत्मा फक्त तुझा आहे, तिच्याच घरात माझा हात माझा राहिला नव्हता.

पुढे बराच काळ मी या विषयाचं काही वाचलं नाही. मग वाचायला लागले ते अधाशासारखी, माझ्या घराण्याची जुनी कागदपत्रं हाती लागावीत तशी. आणि दिसलं की या घराचे पहिले रहिवासीच अस्वस्थ होते. 1609 मध्ये अॅमस्टरडॅममध्ये, इंग्लंडमधून परागंदा झालेल्या जॉन स्मिथनं आपल्याला बाप्तिस्मा द्यायला लायक कुणीच नाही म्हणून स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला. तिथून बाप्टिस्टांची सुरुवात मानतात. थोड्याच काळात त्याला वाटू लागलं की आपलं चुकलं, आणि तो मेनोनाइट मंडळींच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याचा सोबती थॉमस हेल्विस मात्र इंग्लंडला परतला. प्रजेच्या आत्म्यावर राजाचा अधिकार नाही, मग ती प्रजा पाखंडी असो, मुसलमान असो की यहुदी, असं त्यानं 1612 च्या पुस्तकात लिहिलं आणि लंडनच्या न्यूगेट तुरुंगात तो मेला. माझे पाळकसाहेब नदीकाठी 'राजासुद्धा नाही' म्हणायचे, ते शब्द एवढ्या लांबून आणि एवढ्या अंधारातून आले होते. त्यांना ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे. असावं, असं मला मानावंसं वाटतं.

पण ज्यानं माझी झोप घेतली तो रॉजर विल्यम्स. 1631 मध्ये हा तरुण पाद्री बॉस्टनला उतरला. तिथल्या मंडळीनं त्याला मानाची जागा देऊ केली आणि त्यानं ती नाकारली. दहा आज्ञांपैकी पहिल्या चार माणूस आणि देव यांच्यातल्या आहेत, त्या मोडल्या म्हणून शिक्षा करायला सरकार कोण, असं तो बोलू लागला. इथली जमीन मूळ रहिवाशांची आहे, ती वाटून द्यायला इंग्लंडचा राजा कोण, हेही. 1635 मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला जहाजात घालून परत पाठवणार, अशी कुणकुण लागली तेव्हा, 1636 च्या जानेवारीत, तो बायकामुलांना मागे ठेवून बर्फात चालू पडला. ज्यांना बॉस्टनचे धर्मनिष्ठ लोक रानटी म्हणत, त्यांच्या झोपड्यांत त्याला ऊब मिळाली. पुढे नॅरागॅन्सेट लोकांच्या सरदारांनी दिलेल्या जमिनीवर त्यानं वस्ती केली आणि तिला प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी तरतूद, असं नाव दिलं. तिथं श्रद्धेसाठी कुणालाही जाब विचारला जाणार नव्हता. त्या लोकांची भाषा तो शिकला. 1643 मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. त्यांना घाऊक बाप्तिस्मे देणं मात्र त्यानं कटाक्षानं टाळलं. मन न बदलता पाण्यात बुडवलेल्या माणसाचं काय होतं, ते त्यानं युरोपात पाहिलं होतं.

याच प्रॉव्हिडन्समध्ये 1638 च्या सुमारास एझकील हॉलिमन नावाच्या सोबत्याकडून त्यानं बाप्तिस्मा घेतला, मग त्यानं हॉलिमनला आणि आणखी काही जणांना दिला. अमेरिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी ती हीच. आणि काही महिन्यांतच रॉजर तिच्यातून बाहेर पडला. प्रेषितांपासून चालत आलेला धागा कधीच तुटला आहे, नवे प्रेषित येईपर्यंत मंडळी स्थापण्याचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही, असं त्याचं मत झालं. त्यानंतर 1683 मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं, तो कुठल्याच मंडळीचा सभासद नव्हता. देवावरचा त्याचा विश्वास तसूभर हलला नाही, आणि वादाची खोडही गेली नाही. क्वेकर पंथाची शिकवण त्याला मुळीच पटत नसे. 1672 मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, तो होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि त्यांच्याशी दिवसचे दिवस भांडला. पण बॉस्टननं मेरी डायर या क्वेकर बाईला 1660 मध्ये फासावर दिलं होतं, आणि रॉजरच्या वसाहतीत त्याच क्वेकरांच्या केसालाही धक्का लागला नाही. एखाद्याचं म्हणणं चूक आहे असं मनापासून वाटावं आणि तरी त्याचं घर शाबूत राहावं यासाठी झटावं, हे मी माझ्या मंडळीत पाहिलं नव्हतं. स्वतःतही पाहिलं नव्हतं.

मराठीचंही या घराण्याशी नातं आहे. विल्यम कॅरी हे जोडे शिवणारे बाप्टिस्ट. बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं, त्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, 1810 मध्ये कोश, 1811 मध्ये मराठी नवा करार. ज्या मिशनरी सोसायटीच्या स्थापनेत 1792 मध्ये त्यांचा पुढाकार होता, तिच्याशी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1827 मध्ये संबंध तोडावे लागले. कारणांच्या मुळाशी श्रीरामपूरच्या जागा आणि इमारती कुणाच्या ताब्यात राहाव्यात, हा वाद होता. हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. आमच्या कंपाउंडचं फाटक माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आणि आपले रेव्हरंड टिळक. ते बाप्टिस्ट नव्हते, पण आई स्वयंपाक करताना त्यांचीच गीतं गायची. 1917 मध्ये, मरणाच्या दोन वर्षं आधी, ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' भरवला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांची गीतं आईला पाठ होती, दरबाराची गोष्ट मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

रॉजरविषयीची एक नोंद मी पुन्हा पुन्हा वाचते. बॉस्टनचे गव्हर्नर विन्थ्रॉप यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय की शुद्ध मंडळी शोधता शोधता रॉजर असा एकटा पडत गेला, की शेवटी फक्त बायकोबरोबर प्रभुभोजन घेऊ लागला. आणि तिथून मग उलटा वळला: येईल त्या प्रत्येकाबरोबर प्रार्थना करू लागला. विन्थ्रॉपना हे विचित्र वाटलं. मला मात्र हे वाचताना स्टीलची वाटी आठवली.

ठरावानंतरच्या पहिल्या रविवारची संध्याकाळ होती. बाबा बाहेर गेले होते. आईनं बाटलीच्या तळाशी उरलेला मनुकांचा रस एका वाटीत ओतला, वाटी पदराखाली धरली आणि मला म्हणाली, चल. मावशीच्या स्वयंपाकघरात कंदील होता, वीज गेली होती. आईनं चुलीवरची पोळी मोडली. आशीर्वाद द्यायला पाळक नव्हते, पवित्र शास्त्र वाचायला पुरेसा उजेड नव्हता. आई नुसती "घे" म्हणाली. मावशी प्यायली. मग तिनं वाटी माझ्यापुढे धरली, मी हात वर केला होता हे पक्कं माहीत असताना. ती माझ्याकडे पाहत होती, तिच्या नजरेत राग नव्हता. मी पुढे झाले नाही, तेव्हा तिनंच वाटी माझ्या ओठांना लावली. "घे वं पोरी. गार होईन."

तो रस गारच असतो. ती काय बोलली ते तिच्याही लक्षात आलं नाही.

त्यावर आई आयुष्यभर एक शब्द बोलली नाही, आणि मंडळीही तिनं सोडली नाही. बाबांबरोबर त्याच बाकावर बसत राहिली. ती मंडळीत का राहिली हे तिला विचारायचं माझं राहून गेलं, आणि मी का सोडली हे तिनं कधी विचारलं नाही. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला अजूनही माझे पाय काहीतरी शोधतात. एखादं जुनं गीत ओठांवर येतं आणि त्यातला खालचा सूर धरायला बाजूला कुणी नसतं. हे दुःख खरं आहे, ते मी लपवत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री मी मनुका भिजत घालते. आईचं फडकं आता विरलं आहे, पिळताना जपावं लागतं. कधी कधी मावशीची मुलगी येते; तिचे केस पांढरे झालेत, कपाळावर टिकली असते. ती पाटावर बसते, मी पोळी मोडते. वाटी आधी तिला.