अंगठा

हातखंब्याच्या तिठ्यावर मालवणची एसटी धरली तेव्हा आये म्हणाली, "खोल जाव नको रं."

आमच्या घरात पोहता कुणालाच येत नाही. समुद्र अर्ध्या तासावर, तरी येत नाही. कारण साधं आहे. पोरं विहिरीत पोहायला शिकतात. आजीच्या माहेरी विहिरीला शिवायची बंदी. ती घागर घेऊन लांब बसायची. कुणाला दया आली तर वरून पाणी. जिथं ओंजळ मिळत नाही तिथं हातपाय कोण मारू देतो? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. ती ओंजळ आजीच्या गावापर्यंत पोचायला पुढं किती वर्षं गेली, ते ती बोटांवर मोजायची.

मी सूतगिरणीत साच्यावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत पैसे साठवून मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत, त्यांवर प्रवाळ. 1987 साली तिथला 29.12 चौरस किलोमीटर पट्टा सागरी अभयारण्य झाला.

पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. शिकवणारा गाबताचा पोरगा म्हणाला, "श्वास कोंडायचा नाय. घेत ऱ्हायचा, सोडत ऱ्हायचा. कान दुखला की नाक दाबून फुंकायचं." दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो म्हणे. मनात म्हणलं, दाबाचं आम्हाला काय सांगतोस! गिरणीत आठ तास कापसाची धूळ ओढणाऱ्या छातीला तिथं पाण्याखाली स्वच्छ हवा मिळाली.

खाली गेलो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. बारक्या बारक्या जिवांनी पिढ्यान्‌पिढ्या चुना साठवून बांधलेली वस्ती. वरून बघणाऱ्याला नुसता खडक दिसतो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्या हाताजवळून गेले. एकही बाजूला सरला नाही.

खूश होऊन मी अंगठा दाखवला. त्यानं लगेच मला वर आणलं. "काय झालं?" म्हणलं, काही नाही, मजा वाटली. तो हसला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चल'. 'ठीक' म्हणायला बोटांचा गोल करायचा.

आजोबांनी जन्मभर अंगठाच दिला. सावकाराच्या कागदावर. दर अंगठ्याला ते आणखी खाली गेले.

घरी आलो. आयेनं विचारलं, "कुणी हटकलं नाय?"

"नाय. हात धरून नेलं."

ती चुलीपुढं गप्प बसली. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला मलापन ने."