आईचा मोगरा

2013 सालच्या ऐन पावसाळ्यात आमचे बाबा गेले. आम्ही तिघे भावंडे तेव्हा आपापल्या संसारात आणि नोकरीत गुंतलेलो होतो. महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे परतले आणि वसईच्या वाडीतील त्या कौलारू घरात आई एकटी उरली. पहाटे उठून विहिरीवरचा पंप सुरू करणारी, मोगऱ्याच्या कळ्या खुडून दादरच्या फुलबाजारात पाठवणारी आमची आई हळूहळू अंथरुणाला खिळली. अंगात ताप नव्हता, रक्ताच्या तपासणीत दोष नव्हता. आश्चर्य म्हणजे ती रडतही नव्हती. "मला काही वाटेनासंच झालंय," एवढेच ती म्हणे.

शेजारपाजारची माणसे मायेने येत आणि उपदेश करून जात. कोणी जपमाळ वाढवायला सांगे, कोणी देवाच्या इच्छेपुढे मान तुकवायला. दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. कारण, "चार महिने झाले, आता तरी सावर," असे आम्हीच तिला सुनावले होते. त्या शब्दांची आम्हाला आजही लाज वाटते. परिणाम एवढाच झाला, की आपली श्रद्धाच कमी पडली, अशी आईने स्वतःची समजूत करून घेतली. रविवारच्या मिस्सेलाही ती येईना. एका संध्याकाळी ती अगदी शांतपणे म्हणाली, "उद्याची सकाळ उजाडलीच नाही तर बरं होईल." त्या रात्री आम्हा तिघांपैकी कोणालाही झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी प्रथम आईला विचारले, "बाई, मधुमेह झाला असता तर तुम्ही स्वतःला पापी म्हटलं असतं का?" आईने मान हलवली. मग त्यांनी आम्हाला मेंदूची ओळख करून दिली. मानवी मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि ती ओलांडून निरोप नेण्याचे काम काही रासायनिक द्रव्ये करतात. सेरोटोनिन 1948 साली अमेरिकेत रक्तातून वेगळे केले गेले. त्याचा झोप, भूक आणि मनःस्थिती यांच्याशी संबंध आहे. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत तयार होते, हे ऐकून आम्ही चकित झालो. डोपामिन हे स्वतंत्र निरोप्याचे काम करते, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी 1950 च्या दशकात दाखवले आणि त्यासाठी 2000 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डोपामिन सुख देते त्यापेक्षा सुखाची ओढ लावते. आईची नेमकी ही ओढच आटली होती.

या शास्त्राच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली उच्च रक्तदाबावर सर्पगंधा या वनस्पतीचा गुण जगापुढे मांडला. 1952 साली तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीनतेने घेरले. पुढे कळले, की ते मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे करते. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांना दिलेल्या नव्या औषधाने रुग्ण उत्साही झालेले दिसले. ते औषध हीच द्रव्ये शरीरात टिकवून धरत होते. उदासीनतेचे मूळ रसायनांच्या कमतरतेत असावे, हा विचार या दोन अनुभवांतून रुजला.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गुण यायला काही आठवडे लागतील, असे बजावले. गोळ्यांबरोबर एक साधा कागदही दिला. सकाळी उन्हात अर्धा तास चालणे, झोपण्याची आणि उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, दिवसातून एकदा तरी कोणासोबत बसून जेवणे आणि रोज एक छोटे काम पुरे करणे. "मन लागेल तेव्हा काम करीन, असं म्हणू नका. काम करा, मन मागून येईल," ते म्हणाले.

आम्ही पाळ्या लावल्या. मोठा भाऊ सकाळी तिला बावखलाच्या कडेने फिरवून आणी. बहीण संध्याकाळी जेवायला येई. धाकट्याने मोगऱ्याचे एकच झाड आईच्या नावावर केले, त्याला पाणी आईनेच घालायचे. पहिले काही दिवस ती कलशी घेऊन नुसती उभी राहायची. दीड महिन्यानंतर एके सकाळी तिने आमची वाट न पाहता झाडाची वाळकी पाने काढली. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिले, पण तिला काही बोललो नाही.

याच काळात आमच्या धर्मग्रामाचे फादर घरी आले. आई संकोचून म्हणाली, "फादर, माझ्याकडून प्रार्थना होत नाही." त्यांनी तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांची आठवण सांगितली. दुःखावर उपाय सांगताना या थोर तत्त्वज्ञाने सत्याच्या चिंतनाबरोबर अश्रू, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नान यांचीही गणना केली आहे. "संतांना अंघोळ आणि झोप कमीपणाची वाटली नाही, तर तुम्हाला का वाटावी?" फादर म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी आई रडली आणि आम्हाला हायसे वाटले.

पुढे 2022 साली एका मोठ्या शास्त्रीय आढाव्याने आमचे लक्ष वेधले. सेरोटोनिनच्या कमतरतेमुळेच उदासीनता येते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असे त्यात म्हटले होते. मग आम्हाला सांगितले ते चुकीचे होते काय? आम्ही पुन्हा डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, "पॅरासिटामॉलने डोकेदुखी थांबते, म्हणून डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या अभावाने होते असं नव्हे. मेंदू म्हणजे काही डबा नाही, की एक जिन्नस संपला आणि भरला. दुःख, झोप, एकटेपणा, अनुवंश या साऱ्यांचे धागे त्यात गुंतलेले असतात. औषधांचा पुष्कळांना उपयोग होतो, आणि चालण्याचा व माणसांचाही होतो." हे उत्तर आम्हाला अधिक प्रामाणिक वाटले.

वाचकहो, ज्याच्या घरी असे मौन शिरले असेल, त्याने उपदेशाआधी सोबत द्यावी आणि सोबतीबरोबर डॉक्टरही शोधावा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलले, तर ते बोलणे सहज घेऊ नये.

आईच्या गोळ्या दीड वर्षाने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू बंद झाल्या. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बाबांची आठवण निघाली की तिचे डोळे अजूनही भरून येतात, ते भरून यायलाच हवेत. पण वैशाखात तिच्या नावचा मोगरा फुलतो, तेव्हा पहिली ओंजळ ती बाबांच्या तसबिरीपुढे ठेवते, दुसरी देवळात पाठवते आणि उरलेल्या कळ्यांचा गजरा करून आमच्या मुलींच्या वेण्यांत माळते. गजरा माळताना तिचे बोलणे अखंड चालू असते. ते ऐकत आम्ही ओट्यावर बसून राहतो.