एका अंड्याचा संसार

मुलाच्या बिऱ्हाडीं न्यूकॅसलला राहावयास गेलों असतां गेल्या जून महिन्यांत आम्हांस फार्न बेटांचें दर्शन घडलें. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सीहाउसेस नांवाचें लहानसें बंदर आहे. तेथून लाँचमध्यें बसलें म्हणजे थोड्याच वेळांत हीं काळ्या खडकांचीं बेटें दिसूं लागतात. सातव्या शतकांत कथबर्ट नांवाचा एक साधु येथें एकांतवास करून राहिला व त्यानें येथील पक्ष्यांस अभय दिलें, अशी आख्यायिका आहे. ती ऐकून आम्हांस कण्वाश्रमांतील मृगांची आठवण झाली.

इनर फार्न बेटावर उतरलों तों जिकडे तिकडे बिळें, आणि बिळांच्या तोंडाशीं पफिन पक्षी! उंची वीतभर, पाठ काळी, पोट पांढरें शुभ्र, आणि चोंच लाल-पिवळ्या पट्ट्यांची. हिंवाळ्यापूर्वीं त्या चोंचीचे रंगीत पापुद्रे गळून पडतात. आमच्या देखतच एक पक्षी सात-आठ चंदेरी मासे चोंचींत आडवे धरून आला व पाठीस लागलेल्या कुरव पक्ष्यांस चुकवून बिळांत शिरला.

आमची नात म्हणाली, "आजोबा, हे पक्षी संपत चालले आहेत असें बाबा म्हणाले. पण येथें तर पाय ठेवावयास जागा नाहीं!"

शंका रास्त होती. २०२४ सालच्या गणनेंत ह्या बेटांवर सुमारें ५०,००० जोडपीं आढळलीं. तथापि आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें २०१५ सालीं पफिनला जगाच्या दृष्टीनें 'असुरक्षित' व युरोपांत 'संकटग्रस्त' ठरविलें आहे. ह्यांतील मर्म त्याच्या संसारांत आहे. मादी वर्षांतून एकच अंडें घालते; आईबाप दोघेही तें सुमारें चाळीस दिवस उबवितात. पिलूं मोठें होऊन स्वतः संसारास लागण्यास पांचएक वर्षें जातात. परंतु पक्षी वीस-वीस वर्षें जगतो. म्हणून पिलें उपाशी मेलीं तरी वडील जोडपीं दरवर्षीं परत येतच राहतात, आणि पाहणारास सारें क्षेम वाटतें. नॉर्वेंतील रोस्ट बेटांवर असेंच झालें. हेरिंग माशांचा बेसुमार उपसा झाल्यावर पिलांस अन्न मिळेना. १९७९ सालीं तेथें सुमारें १४ लक्ष जोडपीं होतीं; आज त्यांचा चतुर्थांशही उरलेला नाहीं.

फार्नच्या पफिनांची भिस्त सँडईल नांवाच्या बारीक माशावर आहे. समुद्र तापूं लागल्यामुळें त्या माशाचें सूक्ष्म अन्न उत्तरेकडे सरकत आहे. शिवाय पशुखाद्याची कुटी व तेल ह्यांसाठीं तो जहाजें भरभरून नेला जात असे. २०२४ सालीं इंग्लंडच्या उत्तर समुद्रांत व स्कॉटलंडच्या सर्व पाण्यांत ही मासेमारी बंद करण्यांत आली. २०२२ सालीं पक्ष्यांत फ्लूची साथ पसरली, तेव्हां बेटावर उतरणेंही बंद केलें होतें. तें २०२४ सालीं पुन्हां सुरू झालें.

आम्हीं चौतीस वर्षें कोंकणांतल्या एका शाळेंत हजेरी घेतली. गणपतींत गांव माणसांनीं फुलून जाई, देवळाच्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांस बसावयास जागा पुरत नसे. परंतु आम्ही निवृत्त झालों त्या वर्षीं पहिलीच्या पटावर अवघीं तीन नांवें होतीं. नातीला म्हणालों, "बाळ, गर्दी मोजून कळत नाहीं, पहिलीचा वर्ग मोजावा लागतो."

जवळच बेटाची एक रक्षक तरुणी जमिनीवर पालथी पडून खांद्यापर्यंत हात बिळांत घालून चांचपीत होती. क्षणभरानें ती हंसली. आंत पिलूं होतें! नातीनें आमची टिपणवही मागून घेतली आणि तींत एक उभी रेघ ओढली.