पापुद्र्यातले फुलपाखरू

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, पाइक्स पीक या शिखराच्या पश्चिमेस फ्लोरिसंट नावाचे एक खोरे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंच. १८७० च्या दशकात शार्लट हिल या शेतकरी स्त्रीचे बिऱ्हाड तेथे होते. नवरा, मुलेबाळे, डोंगरातला कडक हिवाळा, आणि या साऱ्यातून सवड काढून जडलेला एक छंद : आसपासचा करडा दगड उकलून पाहणे.

दगडही तसा निराळाच. भाकरीच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर. कडेला पाते लावून हलकेच दाब दिला की ओलाव्याने चिकटलेल्या वहीच्या पानांसारखे सुटणारे. पानांमध्ये कधी एखादे पर्ण, कधी माशी, कधी मुंगी. आणि एकदा, पंख पसरलेले एक फुलपाखरू. मिशा शाबूत, पंखांवरची नक्षी स्पष्ट. वय ३ कोटी ४० लाख वर्षे.

हे फुलपाखरू बॉस्टनचे कीटकतज्ज्ञ सॅम्युअल स्कडर यांच्यापर्यंत पोहोचले. स्कडर यांनी १८७५ साली जीवाश्म फुलपाखरांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता, त्यामुळे असे नमुने जगात किती मोजके आहेत हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. १८७८ मध्ये त्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले ‘प्रोड्रायस पर्सेफनी’. ग्रीक पुराणातली पर्सेफनी ही पाताळाची राणी. दरवर्षी वसंतात ती भूमीवर परतते. नाव याहून समर्पक सुचणे कठीण.

आता खरा प्रश्न. डायनोसॉरचे हाड टिकले तर नवल कमी, कारण हाड मुळातच खनिजांनी भरलेले असते. कीटकाला हाड नाही. त्याचे बाह्यांग कायटिन या चिवट द्रव्याचे असते. पण जिवाणू आणि बुरशी तेही पचवतात. घरातल्या खिडकीत मरून पडलेला पतंग आठवावा. काही दिवसांत मुंग्या त्याचे धड नेतात आणि बोट लावताच पंखांची भुकटी होते. मग तळ्याकाठी मेलेले फुलपाखरू कोट्यवधी वर्षे टिकावे कसे?

फुलपाखराची अडचण तर दुहेरी. लहान, जड भुंगा पाण्यात पडला की लवकर बुडतो आणि तळच्या चिखलात दडतो. फुलपाखराचे पंख मोठे, वजन नगण्य, अंगावरचे खवले पाणी झटकणारे. ते बुडतच नाही. तरंगत राहते, तरंगताना कुजते, माशांच्या तोंडी लागते, लाटांनी त्याचे पंख सुटतात. तळाशी पोहोचेपर्यंत पोहोचण्याजोगे काही उरतच नाही.

याचा पडताळा महाराष्ट्रातही मिळतो. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर साचत असताना दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी निर्माण होत आणि पुढच्या लाव्ह्याखाली त्यांचा गाळ झाकला जाई. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशाच गाळात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या स्कॉटिश मिशनऱ्यांना कीटकांचे अवशेष सापडले; १८६० मध्ये अँड्र्यू मरी यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. (नागपुरातले हिस्लॉप महाविद्यालय याच हिस्लॉप यांच्या नावाचे.) ते अवशेष होते मुख्यतः भुंग्यांच्या पाठीवरच्या कठीण ढालींचे. म्हणजे जे सर्वांत टणक, तेच उरलेले. सर्वसाधारण नियम हाच. फ्लोरिसंटमध्ये तो मोडला, म्हणून त्या तळ्याची गोष्ट सांगण्याजोगी.

त्या तळ्याचा जन्म एका संकटातून झाला. जवळच्या ज्वालामुखी पर्वतावरून राख आणि पाण्याचा दाट लोंढा उतरला आणि त्याने खोऱ्यातला प्रवाह अडवला. आधीच्या लोंढ्यांत प्रचंड सिक्वोया वृक्षांचे बुंधे गाडले गेले होते. राखेतल्या सिलिकेने त्यांचा दगड झाला. ते बुंधे आजही तेथे उभे आहेत.

आणि सिलिकेनेच फुलपाखरूही वाचवले, मात्र निराळ्या वाटेने. डायटम नावाचे एकपेशीय शैवाल आपल्या देहाभोवती सिलिकेचे काचेसारखे कवच बांधते. राखेमुळे तळ्यात सिलिकेची चंगळ झाली आणि डायटम अमाप वाढले. अशा वेळी ते बुळबुळीत, चिकट स्राव सोडतात आणि दुधावर साय धरावी तसा त्यांचा थर तयार होतो. इयन हार्डिंग आणि त्यांच्या सहकारी चँट यांनी २००० साली हे पापुद्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मांडलेला खुलासा असा : पाण्यावर पडलेला कीटक या सायीत अडकला, तिच्यात गुरफटला आणि सायीसकटच तळाशी गेला. त्या चिकट आवरणामुळे कुजण्याची क्रिया मंदावली आणि पंख जागच्या जागी राहिले.

त्यावर राखेपासून झालेल्या मातीचा बारीक थर बसला. मग पुन्हा डायटम, पुन्हा माती. एकेक थर मिलिमीटरहूनही पातळ. वरच्या गाळाच्या भाराने पाणी निघून गेले, देह चपटा झाला आणि अखेर राहिली कार्बनची काळपट छटा किंवा नुसता ठसा. पापुद्रा उकलला की एकाच कीटकाच्या दोन प्रती हाती येतात, एक या पानावर आणि एक समोरच्या.

‘जुरासिक पार्क’मुळे बहुतेकांना प्राचीन कीटक म्हटले की अंबर आठवते. झाडाच्या राळेत अडकलेला कीटक अधिक देखणा दिसतो यात वाद नाही; त्याची लांबी, रुंदी, उंची सारे कायम असते. पण राळेत फसतात ते बहुधा लहान आणि झाडाच्या आसऱ्याने वावरणारे जीव. तळ्याची साय एवढी निवड करत नाही. म्हणूनच फ्लोरिसंटमधून कीटक आणि कोळी मिळून सुमारे दीड हजार जातींचे वर्णन झाले आहे. त्यांत त्सेत्से माशीदेखील आहे, जी आज केवळ आफ्रिकेत सापडते. कोलोरॅडोतल्या दगडात ती दिसावी, हे भूगोलाच्या पुस्तकावर विसंबणाऱ्याला चक्रावून टाकणारे आहे.

एवढे सगळे जमून आले, तरी कोणीतरी तो दगड उकलावा लागतो. शार्लटबाईंनी तो उकलला. शास्त्राच्या रिवाजानुसार जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचे नाव लागते, शोधणाऱ्याचे नव्हे. म्हणून प्रोड्रायसपुढे स्कडर यांचे नाव आहे. शार्लटबाईंचे नाव मागे उरले ते एका गुलाबात. त्याच दगडांतल्या जीवाश्म गुलाबाला लिओ लेस्करू यांनी १८८३ मध्ये ‘रोझा हिली’ म्हटले. फुलपाखरू हार्वर्डच्या संग्रहालयात गेले.

आणि ते खोरे? १९६० च्या दशकाअखेरीस तेथे सुटीतल्या घरांसाठी भूखंड पाडण्याचा बेत झाला. पापुद्र्यांचा हा दगड इतका तकलादू की बुलडोझरच्या एका फेरीत हजारो पाने एकदम फाटली असती. वनस्पती-जीवाश्मांच्या अभ्यासक एस्टेला लिओपोल्ड आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. गरज पडल्यास बुलडोझरसमोर बसण्याचीही तयारी होती. जुलै १९६९ मध्ये न्यायालयाने काम थोपवले. २० ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि सुमारे ६,००० एकर क्षेत्र राष्ट्रीय स्मारक ठरले.

स्मारकाच्या हद्दीत दगडाला हात लावता येत नाही. हद्दीबाहेर मात्र एक खासगी खाण आहे. तेथे पर्यटकांच्या हाती पाते आणि शेलचे तुकडे दिले जातात. मुले मांडी घालून बसतात, कडेला पाते लावतात, पापुद्रा सुटतो. बहुतेक वेळा आत काहीच नसते. कधी पानाचा तुकडा, कधी डासाएवढा काळा ठिपका. मग पुढचा दगड.