नळी आणि यत्ना

सांगलीतील एका जुन्या घराच्या परसात मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि कुंपणाशी एक चाफा आहे. घरातील आजी कित्येक वर्षे या झाडांना झारीने पाणी घालीत असत. पुढे गुडघे कुरकुरू लागले, भरलेली झारी उचलवेना. तेव्हा मुलाने बाजारातून एक नळी आणली. पातळ, पारदर्शक, स्वस्त आणि हलकी. टोकाला बंद-चालू होणारे नोझल होते. दुसरे टोक नळावर नुसतेच दाबून बसवले गेले.

एके दिवशी आजींनी पाणी घालून नोझल बंद केले आणि त्या सामायिकाला बसल्या. नळ मात्र चालूच राहिला. अशा वेळी पाण्याचा सारा दाब नळीवर येतो. थोड्याच वेळात ती नळावरून निसटली. घरात दुसरे कोणी नव्हते. सामायिक 48 मिनिटांचे, नियम घेतलेला. आजी उठल्या नाहीत. सुमारे 40 मिनिटे पाणी वाहत राहिले. संध्याकाळी सुनेने त्याच नळाखाली बादली धरून पाहिली, तेव्हा 15 लिटरची बादली एका मिनिटात भरली. म्हणजे 600 लिटर पाणी वाया गेले होते.

आजी एवढेच म्हणाल्या, "पाणी तर गेलंच, पण माझं सामायिकही झालं नाही. मन सारा वेळ नळापाशी होतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुन्हा झारी हाती घेतली. मोगऱ्यापर्यंत जाताना त्या दोनदा थांबत. चाफ्यापर्यंत पोहोचणे त्यांना होत नसे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी प्रमादचर्येत निष्कारण पाणी सांडण्याचाही समावेश होतो. नळ चालू ठेवणे हा प्रमाद खराच. पण सुनेच्या मनात आले की, पहिला प्रमाद त्याआधीच, वस्तू निवडताना घडला होता. ज्यांच्या हाती ती जायची, त्यांचा आणि ज्या परसात ती वापरायची, त्याचा विचारच कोणी केला नव्हता.

या वेळी तिने नळापासून वळणावळणाने चाफ्यापर्यंत सुतळी धरली. अंतर 12 मीटर भरले. दुकानात 30 मीटरचे वेटोळे होते. तिने त्यातून 14 मीटरच कापून घेतले. लांब नळीत पाण्याचा जोर घटतो आणि ओझेही वाढते. दुकानदार पाऊण इंची नळी सुचवीत होता. तिचे तोंड अर्ध्या इंचीच्या सव्वादोनपट मोठे, आणि पाण्याने भरली की ती तितकीच जड. आजींच्या हाताला अर्धा इंचीच योग्य होती. दोन थरांमध्ये दोऱ्याची जाळी असलेली नळी तिने निवडली. ती दाब सोसते आणि वळणावर सहज मुडपत नाही. रंग गडद घेतला. पारदर्शक नळीत ऊन शिरून आत शेवाळ धरले होते. आधी ते एकेंद्रिय जीव वाढू द्यायचे आणि मग घासून काढायचे, यापेक्षा ते वाढूच न देणे बरे. दोन्ही टोकांना स्क्रूने आवळायच्या स्टीलच्या क्लिपा बसवल्या. नोझल झारीसारखी बारीक धार देणारे घेतले, म्हणजे मुळांवरची माती उघडी पडू नये. नळी खिळ्याला टांगली तर तिथेच मुडपते, म्हणून सावलीत एक रुंद लाकडी आधार ठोकला.

"आई, एकदा हातात धरून पाहा," सून म्हणाली.

आजींनी पाहिली, पण स्वतःची एक अट घातली: आधी नळ बंद, मगच नोझल. तेव्हापासून तोच क्रम चालू आहे. नळ बंद केल्यावरही नळीत पावणेदोन लिटर पाणी उरते. आजी नोझल उघडे ठेवून नळाकडचे टोक हळूहळू उचलत येतात आणि ते शेवटचे पाणी चाफ्याच्या मुळाशी उतरवतात. मग हात पुसून सामायिकाला बसतात. आता त्यांचे लक्ष नळाकडे जात नाही.